स्टड काढताना आधी काय तापवायचं?

"लोखंड तापनं की फुगस, मंग भोक बारीक व्हई जास." घरच्या अंगणात जुनी गाडी उघडून बसलेल्या हौशी पोरांपासून जळगाव-धुळ्याच्या मुरलेल्या मिस्तरींपर्यंत अनेकांच्या तोंडी हे असतं. या समजापायी इंजिनात जाम झालेल्या स्टडभोवती, म्हणजे भोकात पिळून बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टभोवती, ज्योत फिरवायला लोक कचरतात, पान्याला पाईप जोडतात आणि अंगचं सगळं बळ लावतात. स्टड भोकाच्या तोंडाशी तुटतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळेच आपलं काम होतं.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गार धाव चाकापेक्षा लहान असते. लोहार ती लाल करतो, ती मोठी होते, चाकावर बसते आणि पाण्याने गार झाली की लाकूड आवळून धरते. तापल्यावर आतलं भोक बारीक होत असतं, तर एकही धाव चढली नसती. कारण सरळ आहे. पत्र्यातून एक चकती कापून काढली आणि पत्रा व चकती दोन्ही सारखीच तापवली, तर चकती पुन्हा त्याच भोकात नेमकी बसली पाहिजे. चकती मोठी होते, म्हणजे भोकही तितकंच मोठं होतं.

आता इंजिनाकडे. स्टडला दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात) किंवा हेडमध्ये (त्याच्या वरच्या झाकणात) पक्कं बसतं, दुसऱ्यावर नट येतो. हेड घासायचं असो, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ, बदलायचा असो वा जास्त मजबूत स्टड बसवायचे असोत, जुने काढावेच लागतात. साधी रीत डबल नटची: दोन नट चढवून एकमेकांवर आवळायचे आणि ब्लॉकच्या बाजूच्या, म्हणजे खालच्या नटाला पाना लावून उलटं फिरवायचं. खालचा नट वर सरकू पाहतो, वरचा त्याला अडवतो, आणि जोर थेट स्टडला मिळतो. धड स्थितीतले स्टड एवढ्यावर निघतात.

जाम झालेला स्टड का तुटतो, त्याचं गणित पाहू. 8 मिलिमीटरच्या स्टडचा आट्यांच्या तळाशी व्यास जेमतेम साडेसहा मिलिमीटर असतो. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून 10 मिलिमीटरचा स्टड त्याच्या जवळपास दुप्पट पीळ सोसतो. 8.8 प्रतीच्या (8.8 हा बोल्टांच्या मजबुतीचा एक दर्जा) पोलादाचा 8 मिलिमीटरचा स्टड साधारण 20 न्यूटन-मीटरच्या पुढे कायमचा पिळवटायला लागतो. फूटभर पान्याच्या टोकाला हा अवघा 7 किलोचा जोर झाला. पान्याला पाईप लावल्यावर हाताला काही कळायच्या आत आपण ही हद्द ओलांडलेली असते.

उपाय ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: स्टडच्या भोवतीचा धातू कोणता? मारुती 800 सारख्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 10 मिलिमीटरचा स्टड आणि भोवतीचं हेड दोन्ही 100 अंशांनी तापलं, तर भोक स्टडपेक्षा सुमारे 0.011 मिलिमीटर जास्त मोठं होतं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ॲल्युमिनियम गंजून आट्यांमध्ये साचलेल्या पांढऱ्या भुकटीची पकड सोडवायला ते बरेचदा पुरतं. इथे ज्योत हेडवर फिरवायची, स्टडवर नाही, आणि पाण्याचा थेंब टाकताच तो थुईथुई नाचला की थांबायचं. ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही. डोळ्यांना काहीही इशारा न देता ते एकदम खाली बसतं.

बिडाच्या ब्लॉकमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच सुरू होते. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच प्रसरण पावतात. दोन्ही मिळून कितीही तापवा, फट वाढत नाही. म्हणून इथे उलटं करायचं: ब्लॉक गार ठेवायचा आणि फक्त स्टड लाल करायचा. मग तो फुगून आणखी घट्ट नाही का होणार? होतो, त्या क्षणी होतो. पुढे काय होतं ते पाहा. 600 अंशांनी तापलेला 10 मिलिमीटरचा मोकळा स्टड सुमारे 0.07 मिलिमीटर जाड झाला असता. पण भोवती गार, जाड, हटवादी बीड आहे. ते त्याला बाजूला सरकू देत नाही. इतक्या तापमानाला पोलादाचं बळ निम्म्याहून खाली आलेलं असतं, त्यामुळे स्टड चेपला जातो आणि मऊ पडलेला धातू मोकळी वाट असते तिकडे, म्हणजे लांबीच्या दिशेने, सरकतो. हा बदल लवचीक नसतो, धातू परत जागेवर येत नाही. आता स्टड गार होऊ द्या. आकुंचन मात्र सगळ्या दिशांनी, पूर्ण होतं. जो जाड होऊच शकला नाही तो बारीक मात्र होतो, आणि अखेरीस मूळ मापापेक्षाही किंचित कमी भरतो. गंजाने भरलेल्या आट्यांमध्ये, जिथे गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापून बसलेला असतो, तिथे ही केसाहून बारीक फट आणि प्रसरण-आकुंचनाने गंजाला गेलेले तडे मिळून पकड सोडवतात. स्टड आपोआप गार होऊ द्यायचा. लाल स्टडवर पाणी ओतलं तर बिडाला तडा जाऊ शकतो.

तापवण्याआधी पेट्रोलची टाकी, नळ्या आणि कार्बोरेटर दूर हलवा. आटे सुटावेत म्हणून सोडलेलं रॉकेल आणि ज्योत एका वेळी कधीच नको.

उन्हाळ्यात स्टड आपोआप सैल पडतात, असंही आपल्याकडे सांगतात. हिवाळ्यातल्या पहाटेचे 10 अंश आणि मे महिन्यातले भुसावळचे 45 अंश, म्हणजे फरक 35 अंशांचा. ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या 8 मिलिमीटरच्या स्टडला त्यातून 0.003 मिलिमीटर मिळतात. मुद्दाम तापवून मिळतं त्याच्या तुलनेत हे फारच थोडं आहे. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये म्हणून नव्या स्टडची खरेदी पुढे ढकलणारेही आहेत; धातूला वार कळत नाही, उघडं पडलेलं इंजिन मात्र तेवढे दिवस धूळ खातं. जाम आटे सोडवण्यासाठी फवारायच्या तेलाच्या डब्यांचाही असाच उदोउदो चालतो. डब्ल्यूडी-40 हा प्रसिद्ध फवारा अमेरिकेत 1953 साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनला. जाम आट्यांत झिरपणं हे त्याचं मूळ काम नव्हे. कोणतंही तेल बारीक फटीत केशाकर्षणाने शिरतं आणि त्याने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट आत जायला चौपट वेळ लागतो. फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याला तेल खोटं वाटतं, ते यामुळेच. रात्रभर मुरू द्या, मधून हातोडीने हलके ठोके द्या. कोमट स्टडला मेणबत्ती टेकवली तरी वितळलेलं मेण आत ओढलं जातं.

पाना लावल्यावर सरळ उलटं फिरवत सुटू नका. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा उलटा. आट्यांत कुटलेला गंजाचा भुगा असा बाहेर पडतो. स्टड तुटलाच, तर इझी-आउट (तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटं पिळायचं हत्यार) ठोकण्याआधी वेल्डर गाठा. इझी-आउट इतकं कडक आणि ठिसूळ असतं की आत मोडलं, तर साधं ड्रिल त्याला खात नाही. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला की पकड मिळते, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड वर सांगितल्याप्रमाणे चेपून बारीकही होतो.

नवे स्टड बसवताना काही इंजिनांत भोक थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत, उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लागतं. नटाखालच्या आट्यांना ग्रीस लावलं असेल, तर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याच्या पिळाचं माप) तसाच्या तसा वापरू नका. आवळताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा भाग स्टड ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. घर्षण घटलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.