इट वॉज रिटन: समीक्षकांचा प्रतिसाद

'इट वॉज रिटन' हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतून आलेल्या रॅपर नासचा दुसरा स्टुडिओ अल्बम, २ जुलै १९९६ ला कोलंबिया रेकॉर्ड्सकडून आला. लोकांनी तो भरभरून विकत घेतला आणि समीक्षकांनी मात्र नाक मुरडलं, त्यामुळे रॅपरच्या दुसऱ्या अल्बमचं काय होतं हा विषय निघाला की याचं नाव येतंच येतं.

आधीचा अल्बम माहीत नसेल तर ही नाराजी कळणारच नाही. 'इलमॅटिक' १९९४ ला आला तेव्हा नास २० वर्षांचा होता. १० ट्रॅक, पूर्ण ४० मिनिटंसुद्धा नाहीत, आणि 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकानं त्याला ५ पैकी ५ माइक (ताऱ्यांऐवजी ते माइक देतात) दिले, जे त्या काळात नवख्या पोराला मिळणं म्हणजे फारच मोठी गोष्ट होती. पण खप हळूहळूच झाला, गोल्ड सर्टिफिकेट (अमेरिकेत ५ लाख प्रतींचं) मिळायला १९९६ चा जानेवारी उजाडला. मग मॅनेजर म्हणून स्टीव्ह स्टाउट आला, प्रॉडक्शनचं बरंचसं काम पोक आणि टोन या ट्रॅकमास्टर्स जोडीकडे गेलं, रेडिओवर वाजतील अशी गाणी झाली, आणि नासनं कोलंबियाचा ड्रग-माफिया पाब्लो एस्कोबारवरून घेतलेलं 'एस्कोबार' हे माफिया थाटाचं रूप धारण केलं. तो थाट एकदम उगवला नव्हता, १९९५ मध्ये न्यूयॉर्कचाच रॅपर रेक्वॉनच्या अल्बममध्ये पाहुणा म्हणून नास त्याच वाटेवर जाऊन आला होता.

अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर आला आणि ४ आठवडे तिथेच राहिला. समीक्षकांचा सूर मात्र वेगळा. 'द सोर्स'नं ४ माइक दिले, म्हणजे चांगलेच, पण आधीच्या पाचांमुळे ते कमी वाटले. 'रोलिंग स्टोन'नं तर ५ पैकी २ तारे देऊन मोकळं केलं. तक्रारी साधारण त्याच त्याच होत्या, की बीट्स गुळगुळीत झाल्यात, ओळखीच्या पॉप गाण्यांवर भिस्त आहे ('स्ट्रीट ड्रीम्स'मध्ये युरिदमिक्सची चाल सरळ ऐकू येते), आणि वस्तीच्या खिडकीतून बघणारा मुलगा जाऊन तिथे दागिने मिरवणारा डॉन आलाय. त्याच दिवशी डे ला सोल या रॅप ग्रुपचा 'स्टेक्स इज हाय' आला, ज्यात रॅपमधल्या याच श्रीमंतीच्या आणि गुंडगिरीच्या दिखाव्यावर टीका होती, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की नास चुकीच्या बाजूला उभा दिसणार हे उघड होतं.

यातली बीट्सबद्दलची तक्रार काही प्रमाणात खरी आहे, काही गाण्यांवरची चकाकी आजही जास्तच वाटते. पण लिखाण घसरलं असं जे म्हटलं गेलं ते अजिबात पटत नाही. 'आय गेव्ह यू पॉवर' हे डीजे प्रीमियरनं केलेलं गाणं घ्या, त्यात बोलणारी स्वतः बंदूक आहे, या हातातून त्या हातात जाणारी, माणसं मारून थकलेली, आणि ती शेवटी जाम होऊन चालायचं नाकारते पण मालकच मरतो आणि दुसरा कोणीतरी तिला उचलतो. एवढी घट्ट गोष्ट ऐन विशीतल्या माणसानं एका गाण्यात बसवली आणि तरी चर्चा महागड्या सुटांचीच झाली. 'द मेसेज'ची सुरुवातही घ्या, स्टिंगच्या गाण्यातून घेतलेल्या गिटारवर यमकात यमक गुंफत जाणारा तो पहिला भाग ऐकून लिखाणाची पकड सैल पडलीय असं कसं म्हणणार. आणि लॉरिन हिलनं ध्रुपद गायलेलं 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड', ज्याला ग्रॅमी नामांकन मिळालं, ते रेडिओचं गाणं आहे म्हणून हलकं ठरत नाही, त्यात तुरुंगातली माणसं सोडून देण्याचं स्वप्न आहे.

याच अल्बमच्या 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन'मध्ये नाससोबत एझेड, कॉर्मेगा आणि फॉक्सी ब्राउन हे रॅपर एकत्र आले, त्यातून 'द फर्म' हा ग्रुप पुढे आला.

'इलमॅटिक'शी तुलना पुढेही सुटली नाही. २००१ मध्ये प्रतिस्पर्धी रॅपर जे-झीनं 'टेकओव्हर' या गाण्यात नासचे अल्बम मोजून दाखवले आणि चांगला म्हणून फक्त पहिला धरला. मत बदललं ते मुख्यतः रॅपर लोकांमुळे, म्हणजे १९९६ ला हा अल्बम ऐकत वाढलेल्या पोरांमुळे. लुपे फियास्कोनं आपल्या पहिल्या अल्बमवर याचाच प्रभाव असल्याचं उघड सांगितलंय. नासचा हाच दुसरा काळ, गोष्ट सांगणारा आणि मोठ्या स्टेजवर उभा राहणारा, बऱ्याच जणांना जवळचा वाटला. मुंबईच्या रॅपशीही त्याचं नातं आहे, 'गली बॉय' (२०१९) चा तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता आणि त्या चित्रपटाच्या निमित्तानं आलेल्या 'एनवाय से मुंबई' या गाण्यात डिव्हाइन आणि नेझीसोबत त्याचा आवाज आहे.

२०२१ मध्ये २५ वर्षं झाली म्हणून वाढीव आवृत्ती निघाली. आता बरेच चाहते याला नासच्या सर्वोत्तम कामांत धरतात, आणि 'इलमॅटिक'पेक्षा हाच भारी असं ठासून म्हणणारेही कमी नाहीत.