वृषणाचा कॅन्सर : ‘स्टेज कितवी?’ हे आमच्या रिपोर्टवर का नसतं

परळमध्ये लॅब असल्यामुळे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आमच्या काउंटरवर रोजचेच. वृषणाच्या कॅन्सरचे त्यात थोडे, पण बहुतेक ऐन तरुण. रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला : “मॅडम, स्टेज कितवी?” रक्ताच्या एका कागदावरून ते सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

स्टेज ठरते ती काढलेल्या वृषणाची तपासणी, छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि रक्तातले तीन मार्कर (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ) एकत्र पाहून. हे मार्कर म्हणजे एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. इथे सहसा सुई टोचून गाठीचा तुकडा काढत नाहीत. जांघेत छेद घेऊन अख्खं वृषण काढतात आणि तेच तपासायला जातं. अंडकोषाच्या कातडीतून सुई घातली तर पेशी भलत्या वाटेने पसरायची भीती असते. “आधी बायॉप्सी करून बघू” असं कुणी सुचवलं, तर कॅन्सर सर्जनला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिल्या स्टेजमध्ये आजार वृषणाच्या आसपासच असतो, सीटी स्वच्छ असतो. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना नुसतं तपासणीवर ठेवतात. मात्र सीटी स्वच्छ असूनही मार्कर चढेच राहिले, तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत असं धरतात. फाइलवर तेव्हा ‘वन-एस’ लिहिलेलं दिसेल.

दुसऱ्या स्टेजमध्ये आजार पोटात, पाठीच्या कण्याजवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकावाहिन्यांवरच्या छोट्या गाठींमध्ये पोचतो. जांघेत का नाही? गर्भात वृषणं मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात, पण त्यांच्या लसिकावाहिन्या वरच जोडलेल्या राहतात. म्हणून जांघ चाचपून काही लागलं नाही, तरी सीटी टाळायचा नाही. नोड 2 सेंमीपर्यंत असेल तर ए, 2 ते 5 सेंमी बी, त्याहून मोठा असेल तर सी.

तिसऱ्या स्टेजमध्ये आजार लांबच्या नोडमध्ये, फुप्फुसात किंवा यकृत-मेंदूसारख्या अवयवांत गेलेला असतो. नोड पोटातलेच पण मार्कर फार चढलेले असले, तरी हीच स्टेज. चौथी स्टेज या कॅन्सरला नाहीच. पण ‘लास्ट स्टेज’ म्हटल्यावर घरात जी रडारड सुरू होते, ती इथे घाईची ठरते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा आजार 1996 मध्ये फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. तो बरा होऊन पुन्हा शर्यतीत उतरला. (उत्तेजकांपायी पुढे जेतेपदं गेली, तो भाग वेगळा.) सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आल्यापासून या आजाराचं चित्रच पालटलं आहे. केमो ठरली असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर ती सुरू होण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लाजू नका, त्यांना याची सवय असते.

आता आमच्या कामाचं. ऑपरेशनआधी एकदा मार्कर करून घ्याच. वृषण काढल्यावर तो आकडा पुन्हा मिळत नाही. ऑपरेशननंतर एचसीजी साधारण एक ते तीन दिवसांत निम्मं होतं, एएफपीला पाच ते सात दिवस लागतात. त्यामुळे आठवड्याभराने एएफपी अजून जास्त दिसलं म्हणून हबकू नका. डॉक्टर उतार बघतात. एएफपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण निव्वळ सेमिनोमात (हा वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार) ते वाढतच नाही. एलडीएच तर नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी वाढलेलं दिसतं. अशा वेळी आम्ही पुन्हा रक्त मागतो, तेव्हा चिडू नका.

उपाशी पोटी येण्याची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, काही मशिनवर त्याने आकडे चुकतात. दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा, मग ती आमची नसली तरी चालेल. मशीन बदललं की आकड्यांची तुलना बिघडते. येताना जुने रिपोर्ट आणा आणि फॉर्मवर ऑपरेशनची तारीख न विसरता लिहा.