‘सिटी ऑफ बनारस’ आणि ‘सिटी ऑफ कैरो’: एकीचा घात पहिल्या रात्रीने केला, दुसरीचा वाट पाहण्याने

दोन्ही जहाजं एलरमन या ब्रिटिश जहाज कंपनीची, दोन्हींवर मोठ्या संख्येने भारतीय खलाशी, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेली. त्यामुळे एकीची हकिगत दुसरीच्या नावावर सांगितली जाते. पण माणसं कधी आणि कशाने गेली, हे पाहिलं की घोटाळा उरत नाही.

‘बनारस’ सप्टेंबर १९४० मध्ये लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली होती. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी सरकारी योजनेतून पाठवलेली ९० मुलं तिच्यावर होती. १७ सप्टेंबरच्या रात्री ‘यू-४८’ या पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ती ज्या जहाजांच्या ताफ्यात होती, त्याच्या संरक्षक युद्धनौका त्याच दिवशी ताफा सोडून गेल्या होत्या. वादळी समुद्रात लाइफबोटी उतरवतानाच उलटल्या, पाण्याने भरल्या. जहाज अर्ध्या-पाऊण तासात बुडालं. त्या ९० पैकी ७७ मुलं गेली, बरीचशी गारठून. ‘हरिकेन’ ही विनाशिका दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली आणि तिने शंभरावर जीव उचलले.

पण १२ क्रमांकाची बोट राहून गेली. त्याच रात्री बुडालेल्या ‘मरीना’ या दुसऱ्या जहाजाची एक बोट तिथेच तरंगत होती आणि ती ‘बनारस’चीच म्हणून मोजली गेली. हिशेब जुळला, शोध थांबला. चुकलेल्या बोटीत सहा मुलगे होते, त्यांना गोष्टी सांगून सावरणाऱ्या पियानोशिक्षिका मेरी कॉर्निश होत्या आणि कितीतरी भारतीय खलाशी होते. आठव्या दिवशी एका संडरलँड विमानाला ती दिसली आणि ‘अँथनी’ या विनाशिकेने सर्वांना वर घेतलं. या बोटीबद्दल लिहिताना खलाशी नेहमी मागे ढकलले जातात. ते खटकतं, कारण बोटीत बहुसंख्य तेच होते.

‘कैरो’ची गोष्ट उलटी. ऑक्टोबर १९४२ मध्ये ती मुंबईहून चांदीची नाणी आणि प्रवासी घेऊन एकटीच निघाली. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला ‘यू-६८’ने तिला गाठलं. पहिल्या आणि दुसऱ्या टॉर्पेडोमध्ये अवधी मिळाला, म्हणून बुडताना अगदी थोडेच दगावले. पाणबुडीचा कप्तान मेर्टेन बोटींजवळ आला, जमिनीची दिशा सांगितली आणि जहाज बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून निघून गेला. त्याने कोणाला वर घेतलं नाही.

जवळपास शंभर माणसं मेली ती यानंतर, उघड्या बोटींत, तहानेने आणि अशक्तपणाने. तीन बोटींना ‘क्लॅन अल्पाइन’ या जहाजाने तेराव्या दिवशी उचललं. एक बोट ‘राकोटिस’ या जर्मन जहाजाला ३६ दिवसांनी सापडली. ब्राझीलच्या दिशेने गेलेल्या बोटीत ५१ दिवसांनी दोघेच जिवंत होते. त्यांपैकी जहाजाचे अधिकारी जेम्स व्हाइट मायदेशी परतताना ‘सिटी ऑफ प्रिटोरिया’ या जहाजावर टॉर्पेडोलाच बळी पडले. दुसऱ्या, मार्गारेट गॉर्डन, युद्ध संपेपर्यंत अटलांटिक ओलांडायला तयार झाल्या नाहीत.