विरंगुळा केंद्र की डिमेन्शिया डे-केअर?

"अण्णांना विसरायला होतंय ना, मग विरंगुळा केंद्रात पाठवा. चार माणसांत रमतील." शेजाऱ्यांपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी हेच सुचवलं आणि आम्ही तेच केलं. तीन आठवडे छान गेले. चौथ्या आठवड्यात केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन आला. चहा झाल्यावर अण्णा कुणाला न सांगता उठून गेले होते. सापडले दोन चौक पलीकडे, केव्हाच बंद पडलेल्या कंपनीच्या बसची वाट बघत. सेक्रेटरी स्वतः पंचाहत्तरीचे, धापा टाकत शोधायला निघालेले. त्यांच्यावर चिडणार तरी कसं? चूक आमची होती.

विरंगुळा केंद्र हा बरोबरीच्या माणसांचा कट्टा. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ तो चालवतो. जागा कधी महापालिकेची, कधी देवळाची. किरकोळ वर्गणी, पेपर, कॅरम, भजन, वाढदिवस, अधूनमधून रक्तदाब तपासणी. सभासद आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी घरी जातो, हे तिथे गृहीतच असतं. म्हणून दाराशी कुणी नसतं. असायचं कारणही नसतं.

डिमेन्शिया डे-केअरमध्ये, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार झालेल्यांना दिवसा काही तास सांभाळतात त्या ठिकाणी, डोकावलात तर पहिल्यांदा फरक कळणारच नाही. तिथेही भजन, जुनी गाणी, चेंडू झेलणं, मटार सोलणं. पण दार कुणाच्या तरी नजरेत असतं. अमुक वेळाने एकेकाला बाथरूमला नेलं जातं, कारण 'जायचंय' हे सांगायचंच राहून जातं. दुपारची गोळी आठवणीने दिली जाते. "घरी कधी जायचं?" या प्रश्नाला अकराव्यांदाही पहिल्यांदा दिलं तसंच उत्तर मिळतं. हे शिकावं लागतं. नुसता प्रेमळ स्वभाव पुरत नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. आणि केंद्राचा उपयोग फक्त तिथे जाणाऱ्या आजोबांना, डे-केअरचा मात्र घरी त्यांना सांभाळणाऱ्या आजींनाही. त्या चार-पाच तासांत आजींना बँकेत जाता येतं, नाहीतर नुसतं झोपता येतं.

मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने हे दोन्ही प्रकार चालवले आहेत. धडधाकट ज्येष्ठांसाठी 'चाय मस्ती' केंद्रं, आणि डिमेन्शिया झालेल्यांसाठी डे-केअर वेगळं. मला ही विभागणी आधी जरा कठोर वाटली होती.

म्हणून निदान झालं की लगेच केंद्र सोडवायचं का? अजिबात नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरांत सातेक जणांना डिमेन्शिया असतो. म्हणजे बहुतेक संघांत असे सभासद आजही बसलेले असणार. रस्ता आठवतोय, कपडे-बाथरूम जमतंय, तोवर ओळखीचा कट्टाच बरा. फक्त लपवू नका. आम्ही लपवलं. दोन-तीन विश्वासू सभासदांना सांगितलं असतं तर चहानंतर कुणीतरी अण्णांकडे लक्ष ठेवलं असतं. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठीही हवीच. रस्ता चुकायला लागला, संध्याकाळ झाली की घालमेल सुरू झाली, कपडे ओले व्हायला लागले, की मात्र डे-केअर शोधायला लागा.

शोधताना पाटीवर जाऊ नका. 'डे-केअर' अशी पाटी लावून केंद्रच चालवणारे आहेत, आणि वृद्धाश्रमाची एक खोलीही त्याच नावाने दाखवतात. फोनवर सरळ विचारा: डिमेन्शियाचे किती जण येतात, मदतनीस किती, दार कोण बघतं? कुणी चिडून हात उगारला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणाले, तर मी पुढचा नंबर लावीन. फी महिन्याची असते, ने-आणीचा खर्च निराळा, आणि तो कधीकधी फीपेक्षा जास्त टोचतो.

मोठी शहरं सोडली तर अशी डे-केअर फार थोडी. तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा. बी-12ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर इलाज असतो. एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 रात्री-अपरात्रीही. डिमेन्शियाचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी 1992 साली केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स सोसायटीचं (ARDSI) काम मुंबई-पुण्यातही आहे. घरच्यांच्या बैठका कुठे भरतात, हेही तिथे विचारा.

आमचे अण्णा आता आठवड्यातले तीन दिवस डे-केअरला जातात. शनिवारी तासभर त्यांना जुन्या केंद्रात नेतो. सेक्रेटरी अजून त्यांना कॅरमला बोलावतात, स्ट्रायकर त्यांच्या हातात ठेवतात. मी दाराजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतो.