लैंगिकतेचे इतिहासलेखन आणि सीमाप्रदेश (मराठवाडा)

विवाह, वेश्याव्यवसाय, देवाला मुली वाहण्याची प्रथा, तृतीयपंथी समाज आणि तमाशातील स्त्रिया यांच्यावर राज्यसंस्था व जात यांनी ठेवलेल्या नियंत्रणाचा शोध दोन राजवटींच्या हद्दीवरून घेणारी अभ्यासदिशा. मराठवाड्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व उघड आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या मुलखात होते, तर शेजारचे अहमदनगर व सोलापूर इंग्रजांकडे. बार्शी इंग्रजी, परांडा मोगलाईत, म्हणजे निजामाकडे. माणसांची ये-जा रोजची, कायदा मात्र हद्दीवर बदले.

एरिक बेव्हर्ली यांच्या २०१५ च्या हैदराबादवरील ग्रंथात मुंबई इलाखा व संस्थान यांच्यातील ही हद्द मध्यवर्ती आहे. जेसिका हिंची (२०१९) यांनी वसाहतकालीन उत्तर भारतात हिजड्यांवर बसवलेली पोलिसी पाळत अभ्यासली. शैलजा पाईक (२०२२) यांचा विषय तमाशातील दलित स्त्रिया आणि अश्लीलतेचा शिक्का. अंजली अरोंदेकर (२०२३) यांनी पोर्तुगीज गोवा व ब्रिटिश मुंबई यांच्यात वावरलेल्या, कलावंत-देवदासी परंपरेतून आलेल्या गोमंतक मराठा समाजाचे दफ्तर वाचले. वंचितांची कागदपत्रे उरतच नाहीत हा समज त्यांनी मोडला, कारण या समाजाने आपले दफ्तर स्वतःच भरभरून जपले होते. यांपैकी एकाही ग्रंथाच्या केंद्रस्थानी मराठवाडा नाही. त्यांतून घ्यायची ती पद्धत. निष्कर्ष जसेच्या तसे इकडे आणू नयेत.

असे का, हे कायद्यांवरून कळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातील हिजड्यांविषयीचा भाग इंग्रजांनी १९११ मध्ये काढून टाकला. हैदराबाद संस्थानाने मात्र तशाच धर्तीचा कायदा फसली या महसुली सनाच्या १३२९ मध्ये (इ.स. १९१९-२०) केला. त्यात नावांची नोंदवही, स्त्रीवेशात सार्वजनिक जागी दिसल्यास वॉरंटशिवाय अटक आणि कैदेची तरतूद होती. तेलंगणात तो २०२३ पर्यंत टिकला. त्या वर्षी उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. नोंदवही हैदराबाद शहरासाठी आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणांसाठी होती. म्हणून बीड वा नांदेडबद्दल विधान करण्याआधी त्या ठिकाणासाठी हुकूम निघाला होता का, ते पाहावे लागते. मुली देवाला वाहण्यास बंदी घालणारा मुंबई इलाख्याचा १९३४ चा देवदासी कायदा सोलापुरात लागू, तुळजापुरात नाही. भारतीय दंडसंहिता व ‘अनैसर्गिक’ संभोग गुन्हा ठरवणारे तिचे कलम ३७७ मराठवाड्यात १९५१ मध्ये आले. त्याआधीचे खटले संस्थानाच्या दंडसंहितेखाली, म्हणजे ताजिराते आसफियाखाली, शोधायचे.

प्रत्यक्ष कामात पहिली चूक तारखेची होते. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीस सुरू होई. इसवी सन काढण्यासाठी आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवावे, जानेवारीपासून पुढे ५९१. सरसकट ५९० धरले तर वर्षातील सुमारे नऊ महिन्यांचे कागद एक साल मागे जातात, आणि मग मुंबईच्या कायद्याशी जोडलेला कार्यकारणभाव उलटा पडतो. दुसरी अडचण लिपीची. १८८४ नंतर दरबारी कारभार उर्दूत चाले आणि घाईचा मजकूर शिकस्ता या जलद, तुटक वळणात असे, तर जुने गावपातळीचे कागद मोडीत सापडतात. दफ्तरही विभागलेले आहे: वरिष्ठ खात्यांचे हैदराबादच्या तारनाका येथील राज्य अभिलेखागारात, काही औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पुराभिलेखागारात. दोन्हीकडची यादी जुळवल्याशिवाय ‘कागद नाही’ असे लिहू नये.

सर्वांत नुकसान करते ते भाषांतर. मुरळी, कोल्हाटीण, कसबीण, तवायफ, आराधीण या साऱ्या जणी एकाच ‘वेश्या’ या रकान्यात कोंबल्या, की खंडोबाला वाहिलेली मुरळी आणि तुळजाभवानीची आराधीण यांच्यातला फरकच पुसला जातो. मूळ शब्द नोंदीत तसाच ठेवावा, आणि तो कोणी वापरला, पोलीस पाटलाने, फिर्यादीने की बाईने स्वतः, हे शेजारी टिपावे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लावणीचा फड आजही रंगतो. तेथील कलावंतांच्या मुलाखती दफ्तराला पूरक ठरतात. मात्र नाव, गाव आणि जात एकत्र छापल्यास लहान गावात ओळख लपत नाही, म्हणून यांपैकी निदान दोन गोष्टी गाळतात.