विशेष चिन्हांचे एस्केपिंग

स्ट्रिंगमधल्या, म्हणजे कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरातल्या, एखाद्या चिन्हाला प्रोग्रॅमिंगच्या भाषेत खास अर्थ असेल, तर तो अर्थ बाजूला ठेवून ते चिन्ह नुसते अक्षर म्हणून घ्यावे, असे सांगण्याच्या पद्धतीला एस्केपिंग म्हणतात. हेच काम उलट्या दिशेनेही चालते: बॅकस्लॅशपुढे एन आला की ते अक्षर राहत नाही, नवी ओळ होते.

"ती म्हणाली, "थांब"" असे लिहिले, तर कंपायलरच्या (कोड वाचून तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी स्ट्रिंग स्वल्पविरामानंतरच संपते आणि 'थांब' उघड्यावर पडतो. "ती म्हणाली, \"थांब\"" लिहिले की अडचण मिटते. मात्र मेमरीत जाणाऱ्या मजकुरात यातला एकही बॅकस्लॅश नसतो. तो फक्त कोड वाचणाऱ्या कंपायलरसाठी असतो. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. "\\" या स्ट्रिंगची लांबी एकच भरते, कारण पहिला बॅकस्लॅश फक्त दुसऱ्याला एस्केप करतो.

बॅकस्लॅश आस्की संचात (संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत) ९२ व्या क्रमांकावर आहे. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी तो १९६१ मध्ये या संचात आणला, तेव्हा अल्गोल भाषेतली /\ आणि \/ ही तार्किक चिन्हे लिहिता यावीत हा एक हेतू होता. सी भाषेच्या आधीच्या बी भाषेत एस्केपचे काम * करत असे. सीने बॅकस्लॅश घेतला आणि पुढच्या बहुतेक भाषांनी तोच उचलला.

सगळीकडे मात्र बॅकस्लॅश चालत नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत एकेरी अवतरण दोनदा लिहितात ('ओ''ब्रायन'), वेबपत्त्यात मोकळ्या जागेचे %२० होते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात शोधायचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीत) तर दोन थर येतात: आधी भाषा स्ट्रिंग वाचते, मग एक्स्प्रेशनचे इंजिन. म्हणून एक बॅकस्लॅश शोधायला "\\\\" असे चार लिहावे लागतात. पायथॉनमध्ये स्ट्रिंगच्या आधी आर लावला की पहिला थर टळतो आणि दोनांत भागते.

मजकूर पुढे कोण वाचणार आहे, त्याच्या नियमाने, त्याच्या हाती देताना आणि एकदाच एस्केप करावे. दोनदा केले की वेबपानावर < ऐवजी < हा त्याचा सांकेतिक शब्दच छापून येतो. अजिबात केले नाही, तर वापरकर्त्याने टाकलेला मजकूर आज्ञा म्हणून चालतो. एसक्यूएल इंजेक्शन होते ते असेच. डेटाबेससाठी हाताने एस्केप करत बसू नये. पॅरामीटर (आज्ञेत मजकुरासाठी राखलेल्या जागा) वापरावेत, त्यात आज्ञा आणि मजकूर मुळातच वेगळे राहतात.

सगळ्यात छळतात त्या न ओरडणाऱ्या चुका. विंडोजच्या पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) 'टेम्प' फोल्डरचे इंग्रजी नाव (temp) एका बॅकस्लॅशपुढे आले की \ आणि टी मिळून टॅब होतो. फाइल सापडत नाही, आणि छापून पाहिले तर पाथच्या मधोमध एक पोकळी दिसते. अनोळखी एस्केप दिसला की जेसन या माहिती साठवण्याच्या स्वरूपाचा पार्सर (ते वाचणारा प्रोग्रॅम) लगेच त्रुटी देतो. पायथॉन अनेक वर्षे तो मुकाट्याने तसाच ठेवत असे. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीपासून निदान ठळक इशारा तरी मिळतो. टॅबच्या बाबतीत मात्र तोही मिळत नाही, कारण तो एस्केप वैध आहे.