थिनरची झिंग आणि बिथरलेले हृदय

पंक्चरचे सोल्यूशन, रंगाचे थिनर आणि खाडाखोडीसाठी वापरायचे व्हाइटनर या रोजच्या वापरातल्या वस्तू असल्यामुळे त्या मुलाच्या हातात दिसल्या तरी कोणाला वावगे वाटत नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा वस्तू हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ या वयोगटात १.१७ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुले पुढे असलेली ही एकमेव नशा होती.

सोल्यूशन आणि थिनर यांमध्ये बहुधा टोल्युइन हे द्रावक असते. ते चरबीत सहज विरघळते आणि मेंदूत चरबीचे प्रमाण मोठे असल्याने, फुप्फुसांतून रक्तात उतरलेली वाफ काही सेकंदांतच तिथे जाऊन भिनते. झिंग मात्र थोड्या मिनिटांत ओसरते, म्हणून मुठीतला रुमालाचा बोळा पुन्हा नाकाशी जातो.

या नशेचे दुष्परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात, असा समज आहे आणि तोच घातक आहे. मिलर्ड बास या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० साली अशी नशा करणाऱ्या ११० तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांपैकी काही जण हुंगल्यानंतर धावपळ किंवा मानसिक ताण होताच कोसळले होते. द्रावकाच्या वाफेमुळे हृदयाचे स्नायू अ‍ॅड्रेनलिनला अतिसंवेदनशील होतात. अशा वेळी भीतीने वा धावण्याने हे संप्रेरक एकदम उसळले, तर ठोक्यांची लय बिघडून हृदय नुसते थरथरत राहते आणि रक्ताभिसरण थांबते. हे पहिल्याच वेळी, धडधाकट मुलाच्या बाबतीतही घडू शकते. म्हणूनच हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडणे, त्याच्या मागे धावणे किंवा त्याला मारणे (आपल्याकडचा नेहमीचा उपाय!) जिवावर बेतू शकते. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत आणून बसवावे. शुद्ध हरपली, पण श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वासच थांबला असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहावी.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या विक्रीवर निर्बंध आणले. पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब मात्र सायकलच्या दुकानात आजही सहज मिळते. नखांभोवतीचे पांढरे डाग, ओठांभोवतीचे पुरळ आणि श्वासाला येणारा रंगासारखा वास यांकडे घरच्यांचे लक्ष हवे, कारण अमली पदार्थांसाठी होणाऱ्या नेहमीच्या लघवी तपासणीत द्रावके सापडत नाहीत. दीर्घकाळ टोल्युइन हुंगणाऱ्याच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन रक्तातील पोटॅशियम इतके घसरू शकते की त्याला उभेही राहता येत नाही. पोटॅशियम भरून काढल्यावर पायांतले बळ बहुधा परत येते. मज्जातंतूंवरील चरबीच्या आवरणाची हानी झाल्याने ढळलेला तोल आणि मंदावलेली स्मरणशक्ती मात्र नशा सुटल्यावरही पूर्ववत होईलच, असे नाही.